चेक न वटता परत आला आहे. नोटिशीत रक्कम नेमकी कोणती लिहावी?

निफाडकर, ८ जुलै

नमस्कार. माझे वडील निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहेत. मार्चमध्ये आम्ही दोन एकरांतील थॉमसन द्राक्षे परराज्यातील एका व्यापाऱ्याला शिवारसौद्याने, म्हणजे बागेतच सौदा ठरवून, दिली. व्यापाऱ्याने २५ मार्च रोजी वडिलांच्या नावे ४,८५,००० रुपयांचा चेक लिहून दिला आणि त्यावर १० जून ही पुढची तारीख घातली. मध्यंतरी, २ जून रोजी, त्याने फोनपेवरून ७५,००० रुपये पाठवले. १५ जूनला आम्ही चेक निफाडच्या शाखेत भरला. १६ जूनला बँकेचा संदेश मोबाइलवर आला की चेक परत आला आहे. प्रत्यक्ष रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, आम्ही १९ जूनला शाखेतून आणला. त्यावर खात्यात पुरेशी रक्कम नसल्याचे कारण लिहिलेले आहे.

व्यापारी फोनवर सांगतो की चेक पुन्हा भरा, या वेळी नक्की वटेल. वडिलांचा त्याच्यावर अजूनही विश्वास आहे, माझा राहिलेला नाही. तहसील कचेरीबाहेरील एका अर्जलेखकाकडून आम्ही नोटिशीचा मसुदा करून घेतला. त्यात चेकची रक्कम, सोसायटीच्या कर्जावर आम्हाला भरावे लागलेले व्याज, येण्याजाण्याचा खर्च आणि मानसिक त्रासाबद्दल पन्नास हजार असे सर्व एकत्र करून ‘एकूण ६,००,००० रुपये आठ दिवसांत द्यावेत, अन्यथा पोलिसांत फौजदारी गुन्हा दाखल करून आपणास अटक करविण्यात येईल’ असे लिहिले आहे. हा मसुदा वाचल्यापासून माझ्या मनात शंका आहे. नोटिशीत सहा लाख लिहावेत, चेकचे ४,८५,००० लिहावेत, की आलेले ७५,००० वजा करून ४,१०,००० लिहावेत? मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? आणि व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून चेक पुन्हा भरला तर आमचे नुकसान होईल का?


फौजदारी वकील, ८ जुलै

हा मसुदा पाठवला नाहीत, हे फार चांगले झाले. चेक न वटल्याची नोटीस ही साधी मागणी किंवा इशारा नसतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) च्या कलम १३८ खाली चेक न वटल्याचा गुन्हा पूर्ण होण्यासाठी ज्या अटी घातल्या आहेत, त्यांतील ती एक अट आहे. ती सदोष असेल तर पुढची तक्रार कितीही खरी असली तरी टिकत नाही, आणि हा दोष नंतर दुरुस्त करता येत नाही.

आधी मुदत, कारण ती आजही चालू आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. माहिती मिळाल्याचा दिवस सोडून मोजणी करतात. मेमो हाती पडल्याची तारीख धरली तर १९ जुलैपर्यंत वेळ आहे असे वाटेल, परंतु मोबाइलवरचा संदेश हीच बँकेने दिलेली माहिती होती असा युक्तिवाद समोरचे वकील निश्चित करतील. म्हणून १६ जून हीच तारीख धरावी. त्या हिशेबाने १६ जुलै हा शेवटचा दिवस येतो. तक्रार दाखल करण्यास थोडा उशीर झाला तर योग्य कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे, नोटिशीच्या ३० दिवसांसाठी मात्र तशी सोय नाही. हा फरक न कळल्यामुळे बुडालेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

आता रक्कम. कलमातील शब्द ‘उक्त रकमेची मागणी’ असे आहेत आणि उक्त रक्कम म्हणजे चेकवरची रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने सुमन सेठी प्रकरणात २००० साली सांगितले की व्याज किंवा खर्च वेगळ्या शीर्षाखाली स्पष्टपणे मागितला असेल तर नोटीस त्या कारणाने वाया जात नाही, परंतु सर्व रकमा एकत्र करून एकच ठोक आकडा मागितला आणि त्यातून चेकची रक्कम वेगळी दिसत नसेल तर नोटीस कायद्याला धरून राहत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात हेच अधिक कठोरपणे सांगितले गेले. तेथे चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी लिहिले गेले होते. ही टंकलेखनातील चूक आहे, हे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. आपल्या मसुद्यातील सहा लाख याच खड्ड्यात पडणार होते.

परंतु मला खरी काळजी ७५,००० रुपयांची वाटते. २०२२ मध्ये दशरथभाई त्रिकमभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की चेक दिल्यानंतर आणि तो वटवण्यापूर्वी त्याच देण्यापोटी काही रक्कम आली असेल, तर त्याची नोंद कलम ५६ प्रमाणे चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो वटवायला हवा. तशी नोंद न करता पूर्ण रकमेसाठी चेक भरला, तर चेकवरची रक्कम त्या दिवशी कायदेशीर देणे दर्शवत नाही आणि कलम १३८ लागू होत नाही. त्या स्थितीत नोटिशीत ४,१०,००० लिहिले तर चेकशी जुळणार नाही आणि ४,८५,००० लिहिले तर सत्याशी जुळणार नाही. म्हणून पुढे काही लिहिण्याआधी हे कळवावे की एकूण सौदा किती रुपयांचा होता आणि २ जूनची रक्कम नेमकी कशापोटी आली. चिठ्ठी, वजनाच्या पावत्या, मोबाइलवरचे संदेश, जे असेल ते शोधावे. चेकवर कोणाची सही आणि कोणता शिक्का आहे, तेही पाहावे.

चेक पुन्हा भरण्याबद्दल सांगायचे तर, चेकची वैधता त्यावरील तारखेपासून तीन महिने असते आणि त्या काळात तो एकाहून अधिक वेळा भरता येतो. १९९८ च्या एका निकालामुळे पहिल्या नोटिशीनंतर चेक पुन्हा भरून तक्रारीची नवी संधी मिळत नाही अशी समजूत होती, ती एम. एस. आर. लेदर्स प्रकरणात २०१२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने बदलली. तरीही केवळ फोनवरच्या शब्दावर विसंबून हातातली मुदत जाऊ देऊ नये. व्यापाऱ्याला खरोखर पैसे द्यायचे असतील तर तो ते थेट खात्यातही पाठवू शकतो.


सोलापूरकर, ९ जुलै

वरील उत्तरातील प्रत्येक शब्द मी स्वतः भोगला आहे, म्हणून लिहितो. माझा १,२०,००० रुपयांचा चेक परत आला होता. ज्यांच्याकडून मी नोटीस करून घेतली त्यांनी दीड वर्षाचे व्याज आणि नोटिशीचा खर्च धरून ‘एकंदर १,५६,००० रुपये’ असा एकच आकडा लिहिला. चेकचा क्रमांक होता, तारीख होती, परंतु चेक किती रुपयांचा आहे हे संपूर्ण नोटिशीत एकदाही आले नाही. समोरच्याने पैसे घेतल्याचे नाकारलेही नव्हते. चार वर्षे तारखांना हजर राहिल्यानंतर न्यायालयाने नोटीस सदोष ठरवून त्याला निर्दोष सोडले. निकाल वाचून दाखवला गेला तेव्हा मला वाटले की एवढ्या साध्या गोष्टीकडे सहीपूर्वी मी पाच मिनिटे लक्ष दिले असते तर बरे झाले असते. तोपर्यंत दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदतही निघून गेली होती, कारण फौजदारी प्रकरण चालू असताना ती मुदत थांबते असा माझा गैरसमज होता.

आपण वडिलांना हे नक्की सांगावे की विश्वास ठेवणे आणि नोटीस पाठवणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. नोटीस मिळाल्यावर त्याने पंधरा दिवसांत पैसे दिले तर विषय तेथेच संपतो आणि कोणालाही न्यायालयात जावे लागत नाही.


निफाडकर, ९ जुलै

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वडिलांसोबत बसून सर्व कागद काढले. माझ्या पहिल्या लिखाणात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती, कारण ती मलाच ठाऊक नव्हती.

वजनकाट्याच्या पावत्यांनुसार एकूण माल १६० क्विंटल होता आणि दर किलोला ३५ रुपये ठरला होता, म्हणजे सौदा ५,६०,००० रुपयांचा झाला. २५ मार्चला व्यापाऱ्याने वडिलांना सांगितले की ७५,००० ऑनलाइन देतो आणि बाकीचा चेक घ्या. ती ऑनलाइन रक्कम आठ दिवसांत येणार होती, प्रत्यक्षात २ जूनला आली. म्हणजे चेक मुळातच ७५,००० सोडून उरलेल्या रकमेचा होता. सौद्याच्या कच्च्या चिठ्ठीवर ५,६०,००० हा आकडा आहे, पण त्यावर व्यापाऱ्याची सही नाही. मात्र २५ मार्चच्या संध्याकाळी त्याने वडिलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश सापडला: ‘७५ ऑनलाइन डालता हूँ, बाकी ४८५ का चेक दे दिया है।’ आणि २ जूनला पैसे आल्यावर ‘ऑनलाइन वाला हो गया’ असाही संदेश आहे.

चेकवर एका ट्रेडिंग कंपनीचा शिक्का असून सहीखाली ‘भागीदार’ असे छापलेले आहे. आमच्याकडे दुकानाचा पत्ता आहे आणि सही करणाऱ्या भागीदाराच्या घराचाही. आणखी एक शंका अशी की व्यवहाराची सर्व बोलणी मी केली असल्याने नोटीस माझ्या नावाने गेली तर चालेल का?


निवृत्त डाकपाल, १० जुलै

कायद्याचे वकीलसाहेब सांगतीलच, मी केवळ टपालाविषयी लिहितो, कारण या प्रकरणांत पोस्टाचे कागद वर्षानुवर्षे माझ्या हातांखालून गेले आहेत.

रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी आणि खिडकीवरच सांगावे की फक्त पत्त्यावरच्या व्यक्तीच्या हाती जावे आणि त्याचा पुरावा मिळावा यासाठी नोंदणीची व पोच मिळण्याची सोय हवी आहे. दुकानाच्या पत्त्यावर एक आणि घराच्या पत्त्यावर एक अशी दोन स्वतंत्र पाकिटे करावीत. पत्ता लिहिताना पिन कोड, गाळा क्रमांक, जवळची खूण हे सर्व चेकवरील, बिलावरील किंवा जीएसटी नोंदणीतील पत्त्याशी ताडून पाहावे. पावतीवर पत्त्याचा पिन कोड आणि नाव छापले जाते, ते खिडकी सोडण्यापूर्वीच वाचावे. चुकीचा पिन कोड छापलेली पावती नंतर बरोबर करून मिळत नाही.

पाकीट पोहोचल्यावर संकेतस्थळावरील नोंदीची प्रत त्याच आठवड्यात छापून ठेवावी, कारण जुन्या नोंदी तेथे कायम राहत नाहीत. पाकीट परत आले तर ते कदापि फोडू नये, ताई. ‘घेण्यास नकार’, ‘सूचना दिली’, ‘घर बंद’ असा जो शेरा पोस्टमनने मारलेला असतो, तो शेरा आणि बंद पाकीट हाच पुरावा असतो, आणि पाकिटात नोटीसच होती हे दाखवण्यासाठी ते न्यायालयासमोरच उघडले जावे लागते. घरी परत आलेले पाकीट ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणून फोडणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून आवर्जून सांगतो.


फौजदारी वकील, १० जुलै

निवृत्त डाकपाल यांनी सांगितलेले सर्व पाळावे. नोटीस योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठवली असेल तर ती पोहोचली असे सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ नुसार गृहीत धरले जाते आणि न पोहोचल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते. अलवी हाजी प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितले की ज्याला नोटीस मिळालीच नाही असे म्हणायचे आहे, त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरावी. तशी ती न भरता केवळ नोटीस न मिळाल्याची सबब त्याला सांगता येत नाही.

आपल्या नव्या माहितीमुळे चित्र बदलले. चेक पहिल्यापासूनच ७५,००० वगळून होता आणि त्याच दिवशीचा त्याचा संदेश तसे सांगतो, म्हणून २ जूनची रक्कम चेकपोटी आलेली नाही. तरीही नोटिशीत ती रक्कम लपवू नये. ती आपण सांगितली नाही तर उत्तरात तो सांगेल, आणि तेव्हा ती आपल्याविरुद्ध उभी राहील. आपणच पहिल्या परिच्छेदात ५,६०,००० चा सौदा, त्यातील ७५,००० ऑनलाइन देण्याचे ठरणे, ते २ जूनला मिळणे आणि उरलेल्या ४,८५,००० साठी चेक असणे हे ओळीने लिहिले, तर त्याच्या बचावाला जागा उरत नाही. तो मोबाइल जपून ठेवावा, संदेश पुसू नयेत. पुढे ते पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागेल. पूर्वी हेच काम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होत असे.

नोटीस वडिलांच्याच नावाने गेली पाहिजे, कारण चेक त्यांच्या नावे आहे. आपण व्यवहार पाहिला असल्याने पुढे कुलमुखत्यारपत्रावर तक्रार चालवता येईल, परंतु नोटीस देणारे आणि तक्रारदार वडीलच राहतील. नोटीस वकिलामार्फतच द्यावी असे कायदा म्हणत नाही, वडिलांच्या सहीने दिलेली नोटीसही तितकीच चालते. प्रति या मथळ्याखाली भागीदारी संस्था, सही करणारा भागीदार आणि नाव-पत्ता माहीत असलेले इतर भागीदार यांना स्वतंत्रपणे संबोधावे. व्यापारी मराठी वाचणारा नसल्याने नोटीस हिंदीत काढलेली बरी. मसुदा मी येथे मराठीत देतो, म्हणजे वडिलांना सही करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य समजेल.

‘मी निफाड तालुक्यातील शेतकरी असून माझ्या शेतातील १६० क्विंटल द्राक्षे दर किलोस ३५ रुपये या दराने आपण मार्च महिन्यात खरेदी केली. सदर मालाची एकूण किंमत ५,६०,००० रुपये झाली. त्यापैकी ७५,००० रुपये ऑनलाइन पद्धतीने देण्याचे व उरलेल्या ४,८५,००० रुपयांसाठी चेक देण्याचे आपण दिनांक २५ मार्च रोजी मान्य केले व तसा लेखी संदेश मला पाठविला. ऑनलाइन द्यावयाचे ७५,००० रुपये मला दिनांक २ जून रोजी मिळाले आहेत.

उरलेल्या ४,८५,००० रुपयांच्या देण्याच्या फेडीसाठी आपण दिनांक १० जून ही तारीख असलेला, आपल्या संस्थेच्या खात्यावरील चेक माझ्या नावे दिला. सदर चेक मी दिनांक १५ जून रोजी माझ्या बँकेच्या निफाड शाखेत भरला असता, खात्यात पुरेशी रक्कम नाही या कारणाने तो न वटता परत आला व तशी माहिती मला दिनांक १६ जून रोजी बँकेकडून मिळाली.

सबब, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम ४,८५,००० रुपये (अक्षरी चार लाख पंच्याऐंशी हजार रुपये फक्त) आपण मला अदा करावी. तसे न केल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ अन्वये आपणाविरुद्ध सक्षम न्यायालयात तक्रार दाखल करण्यात येईल. सदर नोटिशीमुळे रक्कम वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जाण्याचा माझा हक्क बाधित होत नाही.’

दुसऱ्या परिच्छेदात चेकचा सहा अंकी क्रमांक, बँक आणि शाखा, तसेच रिटर्न मेमोची तारीख भरावी, आणि हे सर्व चेक व मेमो समोर ठेवून अंकनिहाय ताडावे. वडिलांचे पूर्ण नाव चेकवर जसे लिहिले आहे तसेच नोटिशीत यावे. कर्जाचे व्याज, प्रवासखर्च आणि मानसिक त्रासाची रक्कम मी मुद्दाम घातलेली नाही. ती वेगळ्या शीर्षाखाली मागता आली असती, परंतु या नोटिशीचे काम एकच आहे आणि तिच्यात एकच आकडा असावा असे माझे स्पष्ट मत आहे. व्याज दिवाणी दाव्यात मागता येते, आणि दोष सिद्ध झाल्यास न्यायालय चेकच्या दुपटीपर्यंत दंड करू शकते व त्यातून भरपाई देते. आठ दिवसांची मुदत आणि अटकेची भाषाही काढली आहे. कायदा त्याला पंधरा दिवस देतो, ते त्याला द्यावेत. या कलमाखालील प्रकरण पोलीस ठाण्यात चालत नाही, त्यामुळे अटकेची धमकी देणारी नोटीस ज्याला कायदा माहीत आहे त्याला घाबरवत नाही, उलट लिहिणाऱ्याचे अज्ञान दाखवते.

सोलापूरकर यांनी लिहिलेली गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ती सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. नोटीस पाठवल्याने किंवा फौजदारी तक्रार केल्याने दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी ती साधारणपणे तीन वर्षांची असते. मार्चपासूनच मोजावी आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.


निफाडकर, २० जुलै

आपण दिलेल्या मसुद्यावरून हिंदीत नोटीस तयार केली. वडिलांनी ती दोनदा वाचून घेतली आणि प्रत्येक पानावर सही केली. १३ जुलैला निफाडच्या टपाल कार्यालयातून दोन पाकिटे पाठवली. दुकानाच्या पत्त्यावर पिन कोडचा एक अंक खिडकीवर चुकीचा छापला गेला होता, तो निवृत्त डाकपाल यांनी सांगितल्यामुळे तेथेच लक्षात आला आणि पावती पुन्हा करून घेतली.

दुकानाचे पाकीट १७ जुलैला पोहोचल्याचे दिसते. घराच्या पाकिटापुढे १८ जुलैची तारीख आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा आहे. ते अजून परत आलेले नाही. त्याच दिवशी संध्याकाळी व्यापाऱ्याचा वडिलांना फोन आला होता. ‘काका, इतके दिवस आपले संबंध होते, वकील कशाला मध्ये आणला,’ असे तो म्हणाला. वडिलांनी त्याला शांतपणे सांगितले की पंधरा दिवस आहेत, खाते क्रमांक त्याच्याकडे आहेच. आता आम्ही कधीपर्यंत थांबायचे आणि तक्रार कोणत्या न्यायालयात करायची? व्यापाऱ्याच्या राज्यात जावे लागेल का, ही वडिलांची मोठी चिंता आहे.


फौजदारी वकील, २० जुलै

जावे लागणार नाही. २०१५ मध्ये कलम १४२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, खात्यात भरलेल्या चेकच्या बाबतीत, ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार आहे. वडिलांचे खाते निफाडच्या शाखेत असल्याने तक्रार निफाडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच दाखल होईल, आणि व्यापाऱ्याला तेथे हजर राहावे लागेल.

दुकानाचे पाकीट १७ जुलैला मिळाले, म्हणून १८ जुलैपासून पंधरा दिवस मोजता १ ऑगस्ट हा पैसे देण्याचा शेवटचा दिवस येतो. घराच्या पाकिटावरील नकार १८ जुलैचा असल्याने त्या हिशेबाने २ ऑगस्ट येतो. तक्रार ३ ऑगस्टपूर्वी मुळीच दाखल करू नये. पंधरा दिवस पूर्ण होण्याआधी केलेली तक्रार ग्राह्य धरली जात नाही, हे योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात २०१४ मध्ये ठरले आहे. त्यानंतर एका महिन्याच्या आत ती दाखल झाली पाहिजे. महिना मोजताना लवकरची तारीख, म्हणजे दुकानाच्या पाकिटाची, धरावी आणि शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच तक्रार द्यावी.

मधल्या काळात त्याने काही रक्कम पाठवली तर ती घेण्यास हरकत नाही, परंतु ती चेकपोटी अंशतः मिळाली असून उरलेली रक्कम येणे आहे, हे त्याच दिवशी त्याला लेखी कळवावे आणि मलाही कळवावे, कारण तक्रारीत ते जसेच्या तसे लिहावे लागेल. थोडे पैसे पाठवून मुदत निघून जाईपर्यंत गोड बोलत राहणे ही जुनी पद्धत आहे. पूर्ण रक्कम येईपर्यंत ३ ऑगस्टची तयारी थांबवू नये. नोटिशीला त्याचे उत्तर आले तर त्याचे पाकीटही टपालाच्या शिक्क्यासह जपावे.

वकिलांकडे जाताना मूळ चेक, मूळ रिटर्न मेमो, बँकेचा १६ जूनचा संदेश असलेला मोबाइल, नोटिशीची सही केलेली स्थळप्रत, दोन्ही टपाल पावत्या, पोहोचल्याच्या नोंदीची छापील प्रत, परत आल्यास न फोडलेले पाकीट, वजनकाट्याच्या पावत्या, सौद्याची चिठ्ठी, सातबारा उतारा आणि वडिलांच्या खात्याचा मार्च ते जुलैचा उतारा सोबत न्यावा. चेक आणि मेमो यांना पंचिंग करू नये किंवा पिन टोचू नये, ते प्लॅस्टिकच्या पाकिटात वेगळे ठेवावेत.


निफाडकर, २० जुलै

सर्व कागद आजच एका पाकिटात लावून ठेवले आहेत. खात्याचा उतारा उद्या शाखेतून आणते. ३ ऑगस्टला सकाळी खाते पाहून येथे कळवीन.